मुंबईहून आयटीएफ सर्किटवर : पहिल्या दोन हंगामांची आखणी कशी करावी

ज्युनियर गटातून बाहेर पडलेला, राष्ट्रीय क्रमवारीत बऱ्यापैकी वर असलेला आणि आता व्यावसायिक टेनिस खेळून पाहायचेच असे ठरवलेला खेळाडू, आणि त्याच्या किंवा तिच्या खर्चाचा भार उचलणारे आईवडील, अशा दोघांना डोळ्यांसमोर ठेवून हा मजकूर लिहिला आहे. फोरहँड कसा मारावा आणि दुसरी सर्व्हिस कशी सुधारावी हे सांगायला प्रशिक्षक आहेत. येथे प्रश्न वेगळा आहे : मुंबईत राहून, मोजक्या पैशांत, वर्षातले कोणते आठवडे कोणत्या गावी आणि कशासाठी खेळायचे? सर्किटच्या तळाशी खेळाच्या दर्जात जितका फरक असतो त्यापेक्षा आखणीच्या दर्जात अधिक असतो, असे माझे मत आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्या मताला धरूनच आहे.

गुण कसे मिळतात आणि कसे जातात

व्यावसायिक टेनिसचा सर्वांत खालचा थर म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, अर्थात आयटीएफची, वर्ल्ड टेनिस टूर. जुने खेळाडू आणि प्रशिक्षक अजूनही तिला 'फ्युचर्स' म्हणतात. पुरुषांसाठी एम-१५ आणि एम-२५ अशा दोन श्रेणी आहेत. महिलांसाठी डब्ल्यू-१५, डब्ल्यू-३५, डब्ल्यू-५०, डब्ल्यू-७५ आणि डब्ल्यू-१०० अशी लांब चढण आहे. पुरुषांच्या बाबतीत त्यावर एटीपीच्या, म्हणजे पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेच्या, चॅलेंजर स्पर्धा येतात, ज्यांच्या ५०, ७५, १००, १२५ आणि १७५ या श्रेणी विजेत्याला मिळणाऱ्या गुणांवरून ओळखल्या जातात. महिलांमध्ये आयटीएफच्या वरच्या श्रेणी आणि डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला व्यावसायिकांच्या संघटनेच्या, १२५ दर्जाच्या स्पर्धा ही मधली पायरी भरून काढतात.

एम-१५ स्पर्धेत मुख्य फेरीचा पहिला सामना जिंकला की एक एटीपी गुण मिळतो. उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला दोन, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला चार, उपविजेत्याला आठ आणि विजेत्याला पंधरा गुण मिळतात. एम-२५ मध्ये हेच आकडे एक, तीन, आठ, सोळा आणि पंचवीस असे आहेत. हे दोन ओळींचे गणित नीट पाहिले तर नवख्या खेळाडूसाठी पहिला धडा त्यातच आहे. पहिल्या विजयाचा गुण दोन्हीकडे एकच आहे. मात्र एम-२५ मध्ये समोर येणारा खेळाडू बहुधा अधिक अनुभवी असतो. म्हणून ज्याच्या खात्यावर एकही गुण नाही त्याने एम-२५ च्या मोहात न पडता एम-१५ चे आठवडे शोधावेत. उलट ज्याला एम-१५ मध्ये नियमितपणे उपांत्यपूर्व फेरी गाठता येते त्याने तिथेच रेंगाळू नये, कारण एम-२५ ची एक उपांत्य फेरी एम-१५ च्या दोन उपांत्य फेऱ्यांइतकी भरते आणि प्रवासखर्च मात्र एकदाच होतो.

महिलांच्या क्रमवारीत आणखी एक अट आहे. डब्ल्यूटीएच्या यादीत नाव येण्यासाठी किमान तीन स्पर्धांमध्ये गुण मिळवावे लागतात, किंवा एकूण दहा गुण तरी हवेत. त्यामुळे एखाद्या मुलीने एका स्पर्धेत दोन सामने जिंकले तरी यादीत तिचे नाव दिसत नाही, आणि घरचे लोक विनाकारण काळजीत पडतात. अशा वेळी आणखी दोन छोट्या स्पर्धांमध्ये एकेक गुण मिळवणे हे त्या हंगामाचे पहिले उद्दिष्ट ठेवावे.

हे गुण कायमचे नसतात. मुंबईत लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेल्या घराप्रमाणे त्यांची मुदत ठरलेली असते : बावन्न आठवडे झाले की ते खात्यातून वजा होतात, आणि त्या आठवड्यात नवे मिळवले नसतील तर क्रमांक घसरतो. म्हणून प्रत्येक गुणासमोर तो कोणत्या तारखेला जाणार हे लिहिलेला एक साधा तक्ता खेळाडूने स्वतः ठेवावा. मार्च महिन्यात भारतातल्या एखाद्या स्पर्धेत उपविजेतेपद मिळाले असेल, तर पुढच्या मार्चमध्ये आपण कुठे असणार आहोत याचा विचार डिसेंबरमध्येच झालेला असावा.

एका आठवड्याचा जमाखर्च

एम-१५ म्हणजे पंधरा हजार डॉलरच्या पुरुष स्पर्धेत ही रक्कम कशी वाटली जाते ते पाहिले म्हणजे बरेच गैरसमज दूर होतात. एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर, उपविजेत्याला १,२७२, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ७५२, उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला ४३८, दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला २५८ आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर मिळतात. दुहेरीत विजेत्या जोडीला मिळून ९३० डॉलर असतात. यातून त्या त्या देशाच्या नियमाप्रमाणे कर कापला जातो. पात्रता फेरीत हरणाऱ्याच्या हाती काहीही पडत नाही. पैसे नाहीत आणि एटीपी गुणही नाहीत.

रुपयांत बोलायचे तर पहिल्या फेरीत हरलेला खेळाडू कर जाण्यापूर्वी साधारण तेरा-चौदा हजार रुपये घेऊन बाहेर पडतो आणि आठवडाभर पाच सामने जिंकणारा विजेता दोन लाखांच्या आसपास. आता खर्चाची बाजू मांडावी : येण्याजाण्याचे तिकीट, वाढीव सामानाचे पैसे, पाच ते सात रात्रींचे हॉटेल, प्रवेश शुल्क, जेवण, गटिंग (रॅकेटला तारा बसवणे), आणि प्रशिक्षक बरोबर असेल तर यातले जवळपास सगळे दुप्पट, शिवाय त्याचे मानधन. स्पर्धा सोलापुरात किंवा पुण्यात असेल तर रेल्वेने जाऊन हा हिशेब कसाबसा जुळतो. विमानाने गाठावे लागणाऱ्या गावी तो उपांत्य फेरीच्या अलीकडे जुळत नाही. आयटीएफने २०१३ सालच्या आकडेवारीवरून केलेल्या आढाव्यात असे दिसले होते की प्रशिक्षकाचा खर्च धरला नाही तरी पुरुषांचे उत्पन्न आणि खर्च ३३६ व्या क्रमांकाच्या आसपास आणि महिलांचे २५३ व्या क्रमांकाच्या आसपास बरोबरीला येतात. त्यानंतर बक्षिसे थोडी वाढली आणि विमानभाडीही वाढली.

एटीपीने २०२४ मध्ये 'बेसलाइन' नावाची किमान उत्पन्नाची योजना सुरू केली, तीत पहिल्या शंभरांतल्या खेळाडूंना ३,००,००० डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांना १,५०,००० आणि १७६ ते २५० क्रमांकांना ७५,००० डॉलर वार्षिक उत्पन्नाची हमी देण्यात आली. त्याखालच्या खेळाडूसाठी अशी हमी नाही. भारताचा त्या वेळचा एकेरीतला अव्वल खेळाडू सुमित नागल याने २०२३ मध्ये आपल्या खात्यात अवघे ९०० युरो उरल्याचे जाहीरपणे सांगितले होते, आणि चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अलेक्झांडर बुब्लिकला हरवून दुसरी फेरी गाठल्यावर त्याला १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. ही बातमी अनेक घरांत उमेद म्हणून सांगितली जाते. आखणी करणाऱ्याने मात्र तिचा पहिला अर्धा भाग अधिक लक्षात ठेवावा : देशातला सर्वोत्तम एकेरी खेळाडू त्या स्थितीत होता.

यावरून निघणारा व्यवहार्य नियम असा की पहिल्या दोन वर्षांच्या अंदाजपत्रकात बक्षिसाची रक्कम शून्य धरावी. जे मिळेल ते पुढच्या हंगामाच्या खात्यात टाकावे, चालू हंगामाच्या खर्चाला लावू नये. वर्षाचा एकूण पैसा आधी ठरवावा, त्यातून सराव, फिजिओ आणि साहित्य यांचा वाटा बाजूला काढावा आणि उरलेल्या रकमेला एका आठवड्याच्या सरासरी खर्चाने भागावे. जो आकडा येईल तितकेच आठवडे आपल्याकडे आहेत. बहुतेक कुटुंबे हे उलट करतात : आधी स्पर्धा ठरवतात आणि ऑगस्टमध्ये पैसे संपले की हंगाम संपवतात, तेव्हा नेमका खेळ लागायला सुरुवात झालेली असते.

पैसे आणायचे कुठून, या प्रश्नाला मुंबईत तुलनेने अधिक उत्तरे आहेत. रेल्वे, तेल कंपन्या आणि आयकर विभाग यांनी क्रीडा कोट्यातून किंवा शिष्यवृत्तीच्या स्वरूपात टेनिसपटूंना आधार दिल्याची उदाहरणे आहेत. त्यांच्या भरतीच्या जाहिराती वेळच्या वेळी पाहाव्यात. कंपन्यांकडे जाताना 'मदत करा' असे पत्र नेण्यापेक्षा वरील अंदाजपत्रक, मागच्या वर्षाचे निकाल आणि पुढच्या बारा महिन्यांचे आठवडे एका पानावर मांडून न्यावेत. देणाऱ्याला आपला पैसा कोणत्या आठवड्यात खर्च होणार हे दिसले की बोलणे पुढे सरकते.

प्रवेशिका : गुरुवार, सायंकाळी साडेसात

आयटीएफच्या स्पर्धा खेळण्यासाठी प्रथम आयपिन, म्हणजे खेळाडूचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. त्यासाठी वार्षिक शुल्क असते आणि सचोटीविषयीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. हे काम पहिल्या प्रवेशिकेच्या दिवशी करायला बसू नये.

प्रवेशिकेची अंतिम वेळ स्पर्धेच्या आठवड्यातल्या सोमवारच्या अठरा दिवस आधी, गुरुवारी, ग्रीनिच वेळेनुसार दुपारी दोन वाजता असते. आपल्याकडे तेव्हा सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात. नाव मागे घेण्याची मुदत तेरा दिवस आधीच्या मंगळवारी, त्याच वेळेला संपते. या दोन वेळा फोनमध्ये गजरासह नोंदवून ठेवाव्यात. गुरुवारी सहा वाजता सराव संपवून दादरच्या पुलावर गर्दीतून वाट काढत असताना फॉर्म भरायचा राहिला, असे होऊ नये म्हणून बुधवारी रात्रीच प्रवेशिका भरावी आणि गुरुवारी केवळ यादीतल्या हालचाली पाहाव्यात. एकाच आठवड्यातल्या अनेक स्पर्धांना प्राधान्यक्रम लावून नाव देता येते. पहिल्या पसंतीला मन ओढणारी स्पर्धा आणि दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीला खात्रीने जागा मिळणारी स्पर्धा, अशी रचना करावी.

कोणत्या स्पर्धेत जागा मिळेल याचा अंदाज बांधण्याची पद्धत सोपी असूनही फार कमी जण वापरतात. गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यातली, त्याच गावची स्वीकृती यादी काढावी आणि मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळालेल्या शेवटच्या खेळाडूचा क्रमांक, तसेच पात्रता फेरीतल्या शेवटच्या खेळाडूचा क्रमांक, वहीत लिहावा. त्याच आठवड्यात जगात आणखी किती स्पर्धा आहेत हेही पाहावे, कारण स्पर्धा जितक्या जास्त तितका कट, म्हणजे प्रवेश मिळणारा शेवटचा क्रमांक, खाली येतो. अशा वीस-पंचवीस नोंदी जमल्या की कोणत्या महिन्यात आपल्या क्रमांकाला कुठे दार उघडते हे स्पष्ट दिसू लागते.

पात्रता फेरीसाठी राष्ट्रीय क्रमवारीही उपयोगी पडते, म्हणून अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, म्हणजे आयटाच्या, बक्षीस रकमेच्या स्पर्धा एकदम सोडून देऊ नयेत. भारतातल्या आयटीएफ स्पर्धांची वाइल्ड कार्डे, म्हणजे क्रमवारी न पाहता दिलेले थेट प्रवेश, संघटना आणि आयोजक यांच्याकडून जातात आणि बत्तीस जणांच्या मुख्य फेरीत ती चारच असतात. त्यासाठी महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेकडे वेळेत लेखी अर्ज करावा, सोबत निकाल जोडावेत, आणि उत्तर नकारार्थी आले तर पात्रता फेरीतून खेळावे. वाइल्ड कार्डावर विसंबून हॉटेल आरक्षित करणे म्हणजे दुसऱ्याच्या निर्णयावर आपला पैसा लावणे होय.

पात्रता फेरीची स्वतःची एक शिस्त आहे. तिथे तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक खेळला जातो, त्यामुळे तंदुरुस्तीच्या जोरावर तिसऱ्या सेटमध्ये सामना फिरवणाऱ्या खेळाडूची ती ताकद तिथे निम्मी होते. सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक कोर्टावर पंच असेलच असे नाही. आपल्या बाजूच्या रेषांचे निर्णय आपणच द्यायचे असतात. 'आउट' हा निर्णय चेंडू पडताक्षणी, मोठ्याने आणि हात वर करून द्यावा. शंका असेल तर गुण प्रतिस्पर्ध्याला द्यावा. प्रतिस्पर्धी खोटे निर्णय देत आहे असे वाटले तर त्याच्याशी वाद न घालता दोनच वाक्यांत फिरत्या अधिकाऱ्याला बोलवावे. दोन-तीन वादग्रस्त गुणांत अर्धा सेट मनातल्या मनात खेळत बसणारे खेळाडू प्रत्येक पात्रता फेरीत दिसतात. सरावात आठवड्यातून एकदा तरी पंचाविना, बाहेरून कोणी गुण न मोजता, सेट आणि त्यानंतर दहाचा टायब्रेक खेळावा.

मुंबईचे वर्ष

मुंबईच्या खेळाडूचे वर्ष पाऊस ठरवतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत उघड्या कोर्टांवरचा सराव भरवशाचा राहत नाही. दुसरीकडे भारतातल्या आयटीएफ स्पर्धांचा मोठा हिस्सा थंडीत आणि वसंतात असतो, आणि फेब्रुवारीच्या सुमारास चेन्नई, पुणे, बंगळूरू आणि दिल्ली येथे चॅलेंजर स्पर्धांची मालिका अलीकडच्या वर्षांत भरत आली आहे. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या ज्या संकुलात २०१८ ते २०२३ या काळात एटीपी २५० दर्जाची महाराष्ट्र ओपन झाली, तिथेच २०२४ पासून चॅलेंजर १०० होऊ लागली. ही सगळी भौगोलिक सोय आहे आणि तिचा पुरेपूर फायदा घ्यावा.

यातून वर्षाची ढोबळ रचना अशी निघते. नोव्हेंबर ते एप्रिल हा देशांतर्गत गुण मिळवण्याचा काळ. यातले आठवडे सर्वांत स्वस्त पडतात. मे महिना विश्रांती, दुखापतींची तपासणी आणि जड व्यायामाचा. पावसाळ्यातले दोन टप्पे परदेशात, प्रत्येकी तीन आठवड्यांचे. ऑक्टोबरच्या उकाड्यात राष्ट्रीय स्पर्धांची तयारी. पावसाळ्यात मुंबईतच राहावे लागले तर पुणे किंवा बंगळूरू येथे छताखालचे कोर्ट मिळते का ते पाहावे. नाही तर तो काळ जिममध्ये आणि गटिंगची यंत्रे दुरुस्त करण्यात जातो.

सरावाची जागा निवडताना नावापेक्षा रेल्वेमार्ग पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. कूपरेजचे राज्य संघटनेचे केंद्र, नेपियन सी रोडवरचे प्रियदर्शिनी पार्क, चर्चगेटचा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, बॉम्बे जिमखाना, खार जिमखाना, अशा जागा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पण क्लबचे सदस्यत्व बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असते आणि प्रशिक्षण योजनेतून किंवा सदस्याचा सराव-जोडीदार म्हणूनच तिथे प्रवेश मिळतो. सहा रॅकेटची किटबॅग घेऊन सकाळी साडेआठच्या विरार-चर्चगेट जलद गाडीत चढता येत नाही, आणि चढलाच तर आतली रॅकेट कोणत्या कोनात राहतील हे सांगता येत नाही. पहाटे पाचच्या आसपासची गाडी, सहा ते साडेआठ सराव, मग तिथेच फिजिओ किंवा जिम, दुपारी गर्दी ओसरल्यावर परत, हे वेळापत्रक डोंबिवली किंवा वसईच्या मुलाला पेलते. ज्याला दिवसाचे चार तास प्रवासात घालवावे लागतात त्याने आठवड्यातले तीन दिवस घराजवळच्या साध्या कोर्टावर सर्व्हिस आणि पायांचे काम करावे आणि उरलेले तीन दिवस चांगल्या जोडीदाराकडे जावे.

चर्चगेटच्या क्रिकेट क्लबच्या कोर्टांवर होणारी डब्ल्यूटीए १२५ मुंबई ओपन ही मुंबईकरांसाठी शिकण्याची मोठी संधी आहे. २०१७ मध्ये आर्यना सबालेन्काने ती जिंकली होती. ज्यांना तिथे खेळण्याची संधी नाही त्यांनी आयोजकांकडे सराव-जोडीदार म्हणून नाव द्यावे, आणि तेही नाही जमले तर पात्रता फेरीच्या दिवशी बाजूच्या कोर्टाशेजारी बसून खेळाडू सामन्याआधी तासभर काय करतात ते पाहावे. सामन्यातल्या फटक्यांपेक्षा त्या तासाची नक्कल करणे अधिक शक्य कोटीतले असते.

परदेशातले आठवडे

ट्युनिशियातले मोनास्तिर, तुर्कस्तानातले अंताल्या आणि इजिप्तमधले शर्म अल शेख ही या सर्किटची परिचित गावे आहेत, कारण तिथे एकाच जागी सलग अनेक आठवडे स्पर्धा होतात. एकदा तिकीट काढले की तीन वेळा नशीब अजमावता येते, हॉटेल बदलावे लागत नाही आणि पहिल्या आठवड्यात लवकर हरले तरी सराव-जोडीदार मिळतात. म्हणून परदेश दौरा आखताना एकच स्पर्धा खेळून परतण्याचा विचार करू नये. तीन आठवडे हा योग्य तुकडा आहे. चौथ्या आठवड्यात बहुतेकांचे शरीर आणि मन दोन्ही कुरकुरू लागतात, आणि घरी परतून दहा दिवस नीट सराव केला तर पुढचा तुकडा चांगला जातो.

अशा गावांत राहणे बहुधा स्पर्धेच्या अधिकृत हॉटेलात आणि जेवणासकट असते. खोली वाटून घेणारा जोडीदार मुंबईतूनच ठरवावा. हवामान, चेंडूचा ब्रँड आणि कोर्टाचा प्रकार आधी विचारून घ्यावा, कारण समुद्रकाठच्या वाऱ्यात उंच टॉस टाकणाऱ्याची सर्व्हिस पहिल्या दोन दिवसांत हमखास बिघडते.

भारतीय पासपोर्ट हा या खेळातला न मोजला जाणारा प्रतिस्पर्धी आहे. युरोपातला खेळाडू रविवारी हरला की सोमवारी शेजारच्या देशात पात्रता फेरी खेळतो. आपल्याला ते करता येत नाही. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि भेटीच्या तारखा उन्हाळ्याच्या तोंडावर मिळेनाशा होतात. भारतीय नागरिकाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळण्यासाठी शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा वैध व्हिसा हाती असावा लागतो. त्यामुळे जो खेळाडू जूनमध्ये युरोपात खेळू इच्छितो त्याने व्हिसाचे काम मार्चमध्ये सुरू करावे, आयोजकांकडून निमंत्रण पत्र मागवावे आणि शक्य असेल तर दीर्घ मुदतीच्या, अनेक प्रवेशांच्या व्हिसाची मागणी करावी. पासपोर्टची वैधता आणि रिकामी पाने आधी पाहावीत.

साहित्याबाबत एवढेच : पॉलिएस्टरच्या तारा न तुटताही काही तासांत मरतात, म्हणून तुटेपर्यंत वाट पाहणे ही काटकसर नव्हे, खांद्याला दिलेले निमंत्रण आहे. तारांचे रीळ मुंबईतून न्यावे आणि केवळ गटिंगची मजुरी तिथे द्यावी. सर्किटवर वर्षातले बरेच आठवडे काढणार असाल तर दोघा-तिघांत मिळून छोटे यंत्र घेणे परवडते. मुंबईच्या दमट हवेत बसवलेला ताण कोरड्या गावी वेगळा लागतो. पहिल्या दिवशी दोन रॅकेट दोन ताणांवर तयार करून खेळून पाहावे आणि मगच बाकीच्या करून घ्याव्यात.

दुहेरी

दुहेरीकडे आपल्याकडे एकेरीतून बाहेर पडलेल्यांचा आसरा म्हणून पाहिले जाते, ते बरोबर नाही. रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून खेळून आला आणि त्याने २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीत एटीपी विजेतेपद मिळवले. ऋतुजा भोसले हिने बोपण्णाबरोबर हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. नवख्या खेळाडूसाठी दुहेरीचा उपयोग याहूनही साधा आहे : एकेरीत सोमवारी हरल्यावर शुक्रवारपर्यंत सामने खेळण्याचे कारण मिळते, थोडे पैसे मिळतात आणि दुहेरीची क्रमवारी वेगळी असल्याने तिथे पुढे जाण्याचा वेगही वेगळा असतो. जोडीदार आयत्या वेळी कोर्टावर शोधू नये. दोघांच्या क्रमांकांची बेरीज जागा ठरवते, म्हणून आपल्यापेक्षा दुहेरीत थोडा वर असलेला, डावा-उजवा मेळ साधणारा आणि पुढचे किमान तीन आठवडे त्याच गावी असणारा जोडीदार आठवडाभर आधी पक्का करावा.

कोर्टाबाहेरचे धोके

दोन धोक्यांकडे दुर्लक्ष केले तर सगळी आखणी एका दिवसात वाया जाते. पहिला सामनानिश्चितीचा. २०१८ मध्ये स्वतंत्र चौकशी समितीने खालच्या सर्किटवर सट्टेबाजीची लागण किती खोल आहे हे मांडले होते. २०२१ पासून हे काम आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्था, म्हणजे आयटीआयए, पाहते. जो खेळाडू १५६ डॉलरसाठी खेळतो त्याला एक सेट हरण्याचे त्याच्या कित्येक पट पैसे देऊ करणारा संदेश येऊ शकतो, आणि तो बहुधा ओळखीच्या माणसाकडूनच येतो. नियम असा आहे की प्रस्ताव नाकारणे पुरेसे नाही, तो कळवणेही बंधनकारक आहे. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. संदेश खोडू नये, त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा आणि त्याच दिवशी कळवावे. 'आज खांदा दुखतोय' ही माहिती मित्रांच्या गटावर टाकणेसुद्धा टाळावे, कारण ती पुढे कोणाकडे जाते हे आपल्या हाती नसते. हरल्यावर अनोळखी खात्यांवरून येणाऱ्या शिव्या बहुतेक सट्टा हरलेल्यांच्या असतात. सामन्यांच्या आठवड्यात अनोळखी संदेश बंद ठेवावेत.

दुसरा धोका औषधांचा. उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधले सर्दीचे औषध, जिममधल्या मित्राने दिलेली पावडर आणि घरगुती ओळखीतले चूर्ण, या तिन्हींना एकच नियम लावावा : घटक तपासल्याशिवाय तोंडात घालू नये. दम्याचे किंवा इतर नियमित औषध असेल तर उपचारासाठी वापराची परवानगी आधीच घ्यावी.

कागदपत्रांचीही एक फाइल असावी. परदेशात कापलेल्या कराचा दाखला स्पर्धा सोडण्यापूर्वी मागून घ्यावा, कारण दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांचा लाभ त्या कागदाशिवाय भारतात मागता येत नाही. बक्षिसे लहान असली तरी विवरणपत्र दरवर्षी भरावे. पुढे व्हिसासाठी आणि प्रायोजकासाठी तेच उपयोगी पडते.

पायरी कधी बदलावी

वर जाण्याचा निर्णय एका चांगल्या आठवड्यावर घेऊ नये. शेवटच्या दहा स्पर्धांपैकी निम्म्यांत आपल्या श्रेणीची उपांत्यपूर्व फेरी गाठली असेल, तर पुढच्या तीन आठवड्यांच्या तुकड्यातले एक नाव वरच्या श्रेणीत द्यावे आणि दोन आहे तिथेच ठेवावीत. चॅलेंजरच्या पात्रता फेरीत जाण्याइतका क्रमांक झाला की भारतातल्या फेब्रुवारीच्या मालिकेपासून सुरुवात करावी. घरचे जेवण, ओळखीची हवा आणि कमी खर्च यांचा आधार तिथेच मिळतो.

थांबण्याचा किंवा वळण घेण्याचा निकषही आधीच लिहून ठेवावा, आणि तो हरल्याच्या रात्री नव्हे तर हंगाम सुरू होण्यापूर्वी, आईवडील आणि प्रशिक्षक यांच्यासमोर लिहावा. क्रमांकापेक्षा दोन गोष्टी पाहणे मला अधिक योग्य वाटते : दुसऱ्या हंगामात पात्रता फेरीतून मुख्य फेरी गाठण्याचे प्रमाण वाढले का, आणि मानांकित खेळाडूंविरुद्ध एखादा सेट तरी नियमितपणे मिळू लागला का. दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर तिसऱ्या वर्षाचा पैसा त्याच पद्धतीने खर्च करू नये.

अमेरिकन विद्यापीठाचा मार्ग त्यापूर्वीच तपासावा, कारण तिथे वयाचे आणि स्वीकारलेल्या बक्षीस रकमेचे नियम आहेत आणि ते बदलत असतात. पहिले बक्षीस घेण्याआधी ज्या विद्यापीठात जाण्याची शक्यता आहे त्याच्या प्रशिक्षकाला ईमेलवर विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. मुंबईतच पदवी करायची असेल तर प्रवेश घेतानाच उपस्थितीची सवलत लेखी मागावी आणि परीक्षांच्या तारखा वरच्या तक्त्यात स्पर्धांच्या आधी भराव्यात, कारण सत्र परीक्षा एप्रिलच्या सुमारास येतात आणि देशातले सर्वांत स्वस्त आठवडेही तेव्हा चालू असतात.